डॅम स्मॉल लिनक्स (डीएसएल) 4.4.10: पेन ड्राइव्हवरून बूट होत नाही, सेटिंग टिकत नाही

जुनंयंत्र:
पेंटियम 3 लॅपटॉप, 256 एमबी रॅम, 40 जीबीची आयडीई डिस्क, फॉरमॅट फॅट32. विंडोज एक्सपी उठत नाही, म्हणून डॅम स्मॉल लिनक्सने फायली काढायच्यात. त्याची आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) डीडी कमांडने पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली, तर बूटच होत नाही. सीडीवरून चालतं, पण सेटिंग दर वेळी पुसली जातात आणि बहुतेक साइट उघडत नाहीत. उपाय?

पेंग्विनपंत:
ही आयएसओ हायब्रिड (सीडी आणि पेन ड्राइव्ह दोन्हींवरून बूट होणारी) नाही, त्यामुळे डीडीचा उपयोग शून्य. पेन ड्राइव्हसाठी बूट करून देणारं सिसलिनक्स बसवावं लागतं. पण त्या काळचे बरेच बायोस यूएसबीवरून बूटच करत नाहीत, तेव्हा तो नाद सोडा. सीडीच वापरा. बूट प्रॉम्प्टवर डीएसएल, टोरॅम, नोस्वॅप असं ओळीने, मध्ये स्पेस देऊन टाका (अर्थात रोमनमध्ये). सगळी 50 एमबी रॅममध्ये जाते. नोस्वॅप अशासाठी, की डिस्कवर लिनक्सचं स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची जागा) सापडलं तर ते आपसूक वापरलं जातं. फायली काढायच्या डिस्कवर काहीही लिहिलं जायला नको.

सेटिंग टिकवायची तर होममधल्या डॉट-फाइलटूल-डॉट-एलएसटी या यादीत फायलींची नावं घाला आणि बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. पुढच्या बूटला प्रॉम्प्टवर रिस्टोअर=एसडीए1 (म्हणजे पेन ड्राइव्ह) टाका, तेही रोमनमध्येच. एकदाच फायली काढायच्या असतील तर एवढा खटाटोप कशाला?

कर्नल24:
साइटचं म्हणाल तर तिथला फायरफॉक्स 2 टीएलएस 1.2 (साइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) बोलत नाही, म्हणून आजचे सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. डीएसएलची ही आवृत्ती 2008 ची. पासवर्ड लागेल असं काही त्यावर करूच नका.

जुनंयंत्र:
पेन ड्राइव्ह 64 जीबीचा, एक्सफॅट आहे. चालेल?

कर्नल24:
नाही. डीएसएलच्या 2.4 कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एक्सफॅट फॉरमॅट कळत नाही, लिनक्सचा एक्सट4 पण नाही. आजच्या लिनक्सवर एक्सट2 केलात तरी आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद) 256 बाइटचा होतो आणि माउंट (ड्राइव्ह जोडणं) अडतं. फॉरमॅट करताना 128 सांगावा लागतो. सरळ फॅट32 करा. पोर्ट यूएसबी 1.1 असेल तर वेग सेकंदाला जेमतेम 1 एमबी, म्हणजे 10 जीबीला तीनेक तास धरा.

फायलींची नावं मराठीत असतील तर डिस्क आणि पेन ड्राइव्ह दोन्ही यूटीएफ8 (युनिकोड अक्षरांचा) पर्याय देऊन माउंट करा. नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि अशा फायली कॉपीच होत नाहीत. स्क्रीनवर अगम्य अक्षरं दिसतील, दिसू द्या. विंडोजवर नावं नीट उघडतील.

पेंग्विनपंत:
2024 चं डीएसएल शोधत असाल तर ते अँटीएक्स या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं, सुमारे 700 एमबीचं वेगळंच प्रकरण आहे. 256 एमबीत टोरॅम विसरा.