मदत हवी आहे: स्कीचे बूट कसे निवडावेत? (पसरट पंजा, मागच्या वेळी नख काळं पडलं)

केळीबाग:

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळीची शेती. गेल्या फेब्रुवारीत भुसावळहून झेलम पकडून जम्मू गाठलं, तिथून गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा पहिला कोर्स केला. बर्फ आवडला, शिकवणारेही चांगले होते, पण बुटांनी रडवलं.

झालं असं, की भाड्याने आधी २६.५ नंबरचा जोड मिळाला. उभा राहिल्याबरोबर बोटं पुढे टेकली, चवडा दोन्हीकडून आवळला गेला. मीच म्हटलं, मोठा द्या. २७.५ मध्ये पाय आरामात गेला. थंडीच्या भीतीने वर दोन जाड मोजे चढवले. दुसऱ्या दिवसापासून वळण घेताना टाच आतल्या आत उचलायला लागली. म्हणून बकलं आणखी आवळली, तर अर्ध्या तासात पाय बधिर. चौथ्या दिवशी दोन्ही नडग्या सुजल्या आणि सहाव्या दिवशी उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. शेवटचे दोन दिवस कडेला बसून बाकीच्यांना उतरताना बघितलं. ते मनाला फार लागलं.

येत्या जानेवारीत पुढचा कोर्स करायचाच आहे. आतेभाऊ म्युनिकला असतो, दिवाळीला येताना बूट घेऊन येतो म्हणतो. इकडे जळगावात पायात घालून बघायची सोय नाही. वजन ६८ किलो, रोजचा बूट ८ नंबर. पाय लहानपणापासून वावरात, चपलेवर वाढलेला, त्यामुळे पंजा पसरट आहे. १०० मिमी, १०२ मिमी (चवड्यापाशी बुटाची रुंदी), फ्लेक्स ८०, फ्लेक्स ९० (बुटाचा ताठपणा), यातलं नेमकं काय बघायचं? विकत घ्यावे, की भाड्याचेच नीट निवडावेत?

बोरीकाठ:

मी मूळ अमळनेरचा, सध्या ऑस्ट्रियात. तुमचं सगळं दुखणं त्या एका मोठ्या नंबरातून आलं आहे. बूट सैल असला की पाय आत पुढेमागे सरकतो. अंगठा पुढे आपटून नख काळं होतं, नडगी बुटाच्या जिभेवर आदळत राहते. टाच धरायला आपण बकल आवळतो आणि पायाच्या वरच्या बाजूची रक्तवाहिनी दाबली जाते, म्हणून बधिरपणा.

स्कीबुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. चपलेच्या ८ नंबरावरून अंदाज बांधू नका. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन पायावर द्या, आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. चवड्याची रुंदीही मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्ही पाय मोजा, सारखे नसतात.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकणारच, ते चुकीचं नाही. बकलं लावून गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. तुम्ही ती दुसरी पायरी केलीच नाही. दुकानात कोणी सांगायला हवं होतं.

खरी परीक्षा अशी: लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, पाय घालून बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. १५ ते २० मिमी, म्हणजे दीड बोट, ठीक. तीन बोटं जात असतील तर तो बूट ठेवून द्या, कितीही मऊ वाटला तरी. आणखी एक गोष्ट, बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं शेल एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावर फार डोकं लावू नका.

पांझराकाठ:

भाऊ, घाबरू नको, तुना पाय चांगला शे. मी धुळ्याचा, फौजेत असताना बर्फावर बरीच वर्षं काढली. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालीपर्यंत. दोन मोज्यांत चुणी पडते, घाम अडकतो, पाय उलट लवकर गार पडतो. थर्मल पँटचं खालचं टोक बुटात कोंबायचं नाही, ते वरच ठेवायचं.

घालताना टाच जमिनीवर दोनदा आपट, मग आधी घोट्यावरचं बकल लाव, नंतर वरची. चवड्यावरची दोन फक्त लागतील इतपत. वर पट्टा. एक चक्कर उतरून आलास की पुन्हा बघ, लायनर दबलेला असतो.

माझं मत: न घालता बूट मागवू नको. पसरट पायाला तर नाहीच. गुलमर्गला कोर्सच्या आदल्या दिवशी पोच, दुकानात निवांत तीन-चार जोड घालून बघ, एकेक जोड वीस मिनिटं पायात ठेव.

केळीबाग:

मोजलं. डावा २५.८, उजवा २६.२ सेंमी. चवडा १०४ मिमी भरला, दोनदा बघितला. म्हणजे पहिला मिळालेला २६.५ च माझा नंबर होता! आतेभाऊ १०० वाला बघत होता.

बोरीकाठ:

बरोबर, लांबीने २६.५. पण १०४ चवड्याला १०० चा बूट घेऊ नका, १०२-१०३ चा बघा. ही छापील रुंदी सहसा २६.५ नंबरापुरतीच असते, म्हणजे तुमच्या बाबतीत ती थेट लागू पडते. थोडी कमी पडली तर बूट फिटर शेल तापवून त्या जागी फुगवून देतो, लांबीने मोठा बूट मात्र कोणीच लहान करू शकत नाही. फ्लेक्स ८० ते ९० पुरे. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे १० चा फरक मनावर घेऊ नका. आणि घरी घालून पाहिलात तर प्लास्टिक जळगावच्या उकाड्यात मऊ लागेल, तोच बूट बर्फावर ताठ होतो.

पांझराकाठशी मी जवळपास सहमत आहे. आणायचाच असेल तर आतेभावाला विचारा, तळ कुठला आहे. नेहमीचा अल्पाइन तळ आयएसओ ५३५५ चा. हल्ली ग्रिपवॉक नावाचा रबरी, किंचित गोलसर तळ येतो, त्याचं मानक २३२२३. जुन्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीत, तो चालत नाही, आणि स्की तुम्ही भाड्यानेच घेणार. टाचेजवळ तळाच्या लांबीचा ३०५ मिमी असा काही आकडा छापलेला असतो, तो लिहून ठेवा, बाइंडिंग त्यावरूनच लावतात. नवीन बूट पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, बकलं लावून थंड, कोरड्या जागी ठेवा. उष्णतेने आणि दमटपणाने हे प्लास्टिक आतून कुजतं. म्हणूनच दहा-बारा वर्षं जुना जोड कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, चालता चालता तुकडे पडतात.

केळीबाग:

दोघांचे मनापासून आभार. आतेभावाला रात्री फोन लावला. तो ज्या जोडीकडे बघत होता ती १०० ची आणि ग्रिपवॉक तळाची निघाली, थांब म्हटलं. यंदा भाड्याचाच घेतो. लायनर काढून बोटं घालून बघू देत नसतील तर दुसरं दुकान. मोजे तेवढे त्याला आणायला सांगितलेत, दोन जोड, पातळ लोकरीचे. पांझराकाठ दादा, उजवा पाय ४ मिमीने लांब आहे, तर बकल दोन्हीकडे सारखंच लावायचं, की डावं एक खाच जास्त?

पांझराकाठ:

डावं एक खाच जास्त लागेल बहुतेक, पण खाचा मोजू नको, टाच उचलते का ते बघ. बकलाची दांडी फिरवली की खाचेच्या मधलं मापही मिळतं. नख पूर्ण वाढून आलं का?

केळीबाग:

अर्धं आलंय. जानेवारीपर्यंत येईल.