साखर कारखान्याच्या कोप्यांवरची मुलं शाळेत कशी आणायची?

वारणाकाठची_ताई
गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, बहुतेक बीडकडच्या. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, शाळेच्या वयाची बरीच पोरं दिसतात. बचत गटातल्या आम्ही चौघीजणी काहीतरी करावं म्हणतोय. एका शाळेत विचारलं, तर "दाखला नाही, आधार नाही, मार्चात निघून जाणार" असं ऐकवलं. वह्या-दप्तरं वाटून सुरुवात करावी का? एक अकरा-बारा वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन फिरते. कितवीत गं, विचारलं तर म्हणाली, "सहावीत. गावाकडं."

निवृत्त_गुरुजी
दाखल्याचं कारण चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ : दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाच्या पुराव्यासाठी कलम १४. तोंडी वाद घालू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत केंद्रप्रमुखांना. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत दाखवायला मिळतं ते) दिलंय का, तेही मुलीच्या आईला विचारा.

बालाघाटी
गुरुजींचं खरं आहे, पण पटावर नाव चढलं म्हणजे पोरगी वर्गात बसली असं नाही. मी बीडच्या धारूर तालुक्यातला. आईबापांचा कोयता होता, म्हणजे ते ऊसतोडीला जायचे. आता मी गावाकडं हंगामी वसतिगृहाचं काम बघतो, आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांसाठीचं.

ताई, ती पोरगी दाखल्यानं अडलेली नाही, कडेवरच्या भावानं अडलीय. आई पहाटे अंधारात फडात जाते. मागं भाकरी, पाणी, लहानगं, सगळं हिच्याकडं. अंगणवाडीत बसवतात तीन ते सहा वर्षांची मुलं. तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, पण त्यांना दिवसभर सांभाळायचं कुणी? मला माझ्या बहिणीनं असंच सांभाळलं. तिची शाळा चौथीत सुटली, मी बी.ए. झालो.

म्हणून वह्या नंतर. तुम्ही चौघीजणी आहात ना? कोप्यांजवळ एखादी खोली किंवा मंडप बघा आणि तान्ह्यांचं पाळणाघर चालवा. टोळीतली एखादी म्हातारी सोबत घ्या, पोरं तिला ओळखतात. तीनच्या पुढची अंगणवाडीत घाला, अंगणवाडी तुमच्या गावची असली तरी त्यांचा हक्क आहे. मग सहावीतली शाळेत जाईल, तिथं दुपारचा आहारही मिळेल.

आईबापांच्या आधी मुकादमाला, म्हणजे आगाऊ पैसे (उचल) देऊन टोळी आणणाऱ्याला गाठा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोर आजारी पडलं की बाई कोपीवर थांबते, कामाचा खाडा पडतो आणि मुकादमाची उचल फिटायची राहते. पाळणाघर झालं तर फायदा त्याचाच, हे त्याला रोकड्या भाषेत सांगा. दयामाया सांगत बसू नका.

रोखठोक
एवढा खटाटोप कशाला? मुलं गावाकडंच ठेवायला सांगा. वसतिगृहं आहेत की.

बालाघाटी
@रोखठोक, आमच्याकडं तेच करतो. पण हंगामी वसतिगृहात बहुतेक ठिकाणी जेवण शाळेत आणि झोपायला आजी-आजोबांकडं. ज्यांना आजी-आजोबा नाहीत, किंवा तेही टोळीत आलेत, त्यांचं काय? वयात आलेली पोरगी मागं ठेवायला आई धजत नाही. त्याच धास्तीनं तेरा-चौदाव्या वर्षी लग्न उरकतात. आणि दीड वर्षाचं पोर कसंही करून आईसोबतच येणार.

ताई, कोपीवर अशा लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ला फोन करा. गावपातळीवर ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

वारणाकाठची_ताई
समाजमंदिराची खोली मिळेल असं वाटतंय, सरपंचांना उद्या भेटतो. शिधा आमच्या गटातून. मुकादमाशी बोलायला आमच्यातल्या एकीचे सासरे येतील, ते पूर्वी स्लिपबॉय, म्हणजे फडात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे कारखान्याचे माणूस होते. शाळेचा अर्ज सोमवारी.

बालाघाटी
छान. एक राहिलं. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी त्या शाळेकडून मुलीच्या हजेरीचा आणि गुणांचा कागद घेऊन आईच्या हातात द्या. टोळी रात्रीतून निघते, नंतर कुणी सापडत नाही. आणि कागद नसला की गावाकडची शाळा तिला सहा महिने गैरहजर धरते.