गिनीपिग लंगडत आहेत : दोष खाद्याचा की कोठीचा?

प्रश्न (प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा)

तालुक्याच्या गावी असलेल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवते आणि तेथील लहानशा प्राणिगृहाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. गेल्या आठवड्यापासून आमच्या बारा गिनीपिगांपैकी चार मागचे पाय आखडून चालतात, उचलायला गेले की ओरडतात, त्यांचे सांधे सुजल्यासारखे हाताला लागतात आणि केस राठ झाले आहेत. त्याच खोलीतील पांढरे उंदीर मात्र ठणठणीत आहेत. पुरवठादार थोड्या मालासाठी गाडी पाठवत नाही, म्हणून पेलेटची (दाबून केलेल्या खाद्यगोळ्यांची) चार पोती एप्रिलमध्येच घेऊन ठेवली होती. कोठीवर टिनाचे छप्पर असल्याने मे महिन्यात खाद्य तापू नये यासाठी मी तेथे कूलरही लावून घेतला. आता पेलेट दोन बोटांत दाबली की भुगा होतो आणि किंचित कुबट वास येतो, पण बुरशी डोळ्यांना दिसत नाही. हे खाद्य उन्हात घालून वापरता येईल काय? एक सहकारी सरकीची ढेप मिसळून पाहा म्हणतात. नाहीच चालले तर उरलेला माल परिचराच्या बकऱ्यांना द्यावा काय?

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्यक, अमरावती)

मॅडम, ही लक्षणे वाचून पहिला संशय स्कर्व्हीचा, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा येतो आणि उंदीर ठणठणीत आहेत या आपल्या निरीक्षणाने तो बळावतो. उंदीर, ससा, कुत्रा यांच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार होते. गिनीपिगाला ते आपल्यासारखेच अन्नातून मिळवावे लागते. त्याला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम आणि गाभण मादीला ३० मिलिग्रॅमपर्यंत लागते, आणि पुरवठा तुटला की दोन-तीन आठवड्यांत सांधे व हिरड्या बोलू लागतात. पेलेटमध्ये घातलेले क जीवनसत्त्व उष्णता, ओलावा आणि हवा यांनी विरत जाते. ते स्थिर स्वरूपातले नसेल तर खाद्य तयार झाल्यापासून ९० दिवसांत संपवावे, असा प्राणिगृहांचा दंडक आहे. हे दिवस कारखान्यातल्या तारखेपासून मोजायचे असतात, माल आपल्या दारात उतरल्यापासून नव्हे.

पशुवैद्यकाला आजच बोलवा, कारण जंतुसंसर्ग किंवा मोडलेले हाड यांतही प्राणी असाच लंगडतो. तोवर प्रत्येकाला पेरूची फोड द्या. सुमारे १० ग्रॅम पेरूत २० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. सोबत धुतलेला ताजा सांबार (कोथिंबीर) चालेल. पाण्याच्या बाटलीत क जीवनसत्त्वाचे थेंब टाकून निश्चिंत होऊ नका. ते बाटलीत झपाट्याने निकामी होतात आणि कोणी किती प्यायले हेही कळत नाही. ढेपेचा विचार सोडून द्या. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य रवंथ करणारी मोठी जनावरे बऱ्याच अंशी पचवतात, ससा आणि गिनीपिग यांना ते बाधते.

उत्तर २ (प्राणिगृह तंत्रज्ञ, नागपूर)

कूलर लावण्यामागची आपली तळमळ समजते, परंतु माझ्या मते घोटाळा तेथेच झाला. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा थंड असते ती पाणी उडाल्यामुळे, म्हणजे कोठीतला दमटपणा आपण स्वतःच वाढवला. प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आठव्या आवृत्तीत खाद्यकोठीसाठी तापमान २१ अंशांखाली आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली असावी असे सांगितले आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वातानुकूलन यंत्राशिवाय हे जमत नाही, हे मान्य करूनच खरेदी आखावी लागते. आम्ही उन्हाळ्यात व पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढेच खाद्य घेतो आणि गाडीभाडे परवडावे म्हणून दुसऱ्या एका महाविद्यालयासोबत मागणी नोंदवतो. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवतो.

दोन गोष्टी तपासा. पोत्याच्या तोंडाशी दोऱ्यात शिवलेली चिठ्ठी कोणत्या महिन्याची आहे? आणि पोते फोडल्यावर खाद्य कशात ओतले जाते?

प्रश्नकर्ती

चिठ्ठ्या परिचर दोरा उसवतानाच फेकून देत होते. न फोडलेल्या एका पोत्यावर मात्र ती सापडली आणि तिच्यावर जानेवारीची तारीख आहे, म्हणजे माल आमच्याकडे आला तेव्हाच त्याचे ९० दिवस संपत आले होते. खाद्य पत्र्याच्या पिंपात ओतले जाते. आज ते उपडे केले, तर तळाशी वीतभर जाडीचा थर चिकटून बसला होता. खुरपीने खरवडल्यावर त्याच्या आत हिरवट-काळी बुरशी दिसली. दर वेळी नवे पोते जुन्यावरच रिकामे होत होते.

उत्तर ३ (शेतकरी, वर्धा जिल्हा, घरी बकऱ्या व दोन कुत्री)

ताई, त्या पिंपातले काहीच बकऱ्यांना घालू नका, आणि गावातल्या कुत्र्यांपुढेही टाकू नका. बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष उन्हाने किंवा शिजवण्याने जात नाही आणि वरची बुरशी झटकल्यानेही ते आत उरते. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात भिजलेला मका खाऊन माणसे दगावली, तेव्हा त्याच घरांतली कुत्रीही मेली होती. बकरी दुभती असेल तर विषाचा अंश दुधात उतरतो. आम्ही असला माल खोल खड्ड्यात पुरतो. पिंप घासून, उन्हात कडक वाळवूनच पुन्हा वापरा आणि ते तळापर्यंत रिकामे झाल्याशिवाय नवे पोते फोडू नका.

उत्तर १ (पुन्हा)

यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. एक जोड देतो : या गिनीपिगांवर प्रयोग सुरू असेल तर तो थांबवून आपल्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला लेखी कळवा आणि खाद्य कोणत्या तारखेला बदलले याची नोंद ठेवा. आजारी प्राण्यांवरील निरीक्षणे ग्राह्य धरता येणार नाहीत.

प्रश्नकर्ती

प्रयोग थांबवला आहे आणि समितीला आजच पत्र दिले. पशुवैद्यक येऊन गेले. त्यांनीही स्कर्व्हीच सांगितली आणि क जीवनसत्त्वाची मात्रा ठरवून दिली. तीन गिनीपिग पेरू आपणहून खातात, चौथ्याला औषध सिरिंजने तोंडात सोडावे लागते. कोठीतला कूलर काढून ठेवला आहे.