मदत हवी आहे: डीएनए ओरिगामीची नळी, सहा हेलिक्स की बारा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी डीएनए ओरिगामीची (डीएनएच्या लांब धाग्याला घड्या घालून आकार देतात ती) २०० नॅनोमीटर लांबीची पोकळ नळी आखते आहे. स्कॅफोल्ड, म्हणजे घड्या घालायचा लांब एकपेडी धागा, नेहमीचाच, एम१३ विषाणूचा एम१३एमपी१८, ७२४९ न्यूक्लिओटाइडांचा. आराखडा कॅडनॅनो या सॉफ्टवेअरमध्ये.

सहा हेलिक्सची (शेजारी शेजारी बांधलेल्या सहा दुपेडी डीएनए-दांड्यांची) नळी सगळ्यांत सोपी, पण अख्खा स्कॅफोल्ड त्यात घातला तर प्रत्येक हेलिक्सच्या वाट्याला सुमारे १२०८ बेसजोड्या येतात, म्हणजे लांबी ४१० नॅनोमीटर. मला निम्मीच हवी. उरलेला स्कॅफोल्ड लोंबकळत ठेवावा का? सर म्हणतात चालतं. मला मात्र तो नळ्या तपासायच्या जेलमध्ये घोळ घालेल अशी धास्ती वाटते.

शिवाय नळ्या टोकाला टोक लागून चिकटतात म्हणे. मला सुट्या हव्यात. स्टेपलचं (घड्या धरून ठेवणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांचं) बिल एकदाच भरता येणार आहे, म्हणून मागवण्याआधीच विचारते.

प्रतिसाद १
बाराच घ्या. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या) जाळीत एकमेकांना लागून असलेले तीन षट्कोन निवडा आणि मधली सामाईक हेलिक्स गाळा, कडेच्या बारा उरतात. प्रत्येकीला ५८८ बेसजोड्या द्या. ५८८ म्हणजे २१ गुणिले २८, आणि हनीकोंबमध्ये २१ बेसजोड्यांत बरोबर दोन वेढे होतात. लांबी २०० नॅनोमीटर. ७०५६ न्यूक्लिओटाइड खर्च होतात, उरतात १९३. ते दोन्ही टोकांना एकपेडी फासे म्हणून वाटून टाका. टोकं उघडी सपाट राहिली की एकमेकांवर रचली जातात, फासे ते होऊ देत नाहीत. दोन्ही दुखणी एकदमच गेली.
चौकोनी जाळीच्या वाटेला जाऊ नका. तिथे ३२ बेसजोड्यांत तीन वेढे धरतात, त्यामुळे अख्खी नळी पिळली जाते.
पण पोकळीत काही बसवायचंय का? हे भोक गोल नसतं, तिपानी असतं.

धागाकर्ती
नाही, फक्त ताठपणा हवा आहे. ५८८ चं गणित लक्षातच आलं नव्हतं, आभार!

प्रतिसाद २
चिकटणं काहींना हवंही असतं. २००७ मध्ये डग्लस, चाऊ आणि शिह यांनी सहा हेलिक्सच्या दोन नळ्या मुद्दाम जोडून ०.८ मायक्रोमीटरच्या केल्या आणि पेशीपटलातल्या प्रथिनांच्या एनएमआरसाठी (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना शोधायच्या तंत्रासाठी) वापरल्या.
तुमच्यासाठी एवढंच: घडी घालताना मॅग्नेशियम १० ते २० मिलिमोलरमध्ये वेगवेगळं करून बघा. शेजारच्या हेलिक्सचे ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना ढकलतात, ते मॅग्नेशियमच आवरतं. जेलमध्ये आणि त्याच्या बफरमध्येही (द्रावणातही) ते घाला, जेलची टाकी बर्फात ठेवा. नाहीतर चांगली घडी झालेली नळीही तिथेच उलगडेल, आणि दोष उगाच आराखड्याला लागेल.