‘जस्ट अ मिनिट’च्या शीर्षकधुनेतला ‘मिनिट’ हा शब्द नेमका कोणता?

कानसेन:
बीबीसीच्या ‘जस्ट अ मिनिट’ या विनोदी नभोवाणी कार्यक्रमाची सुरुवात संगीतकार शोपँच्या ‘मिनिट वॉल्ट्झ’ या पियानोवरच्या नृत्यधुनेने होते. दिलेल्या विषयावर न अडखळता, पुनरुक्ती न करता आणि विषय न सोडता साठ सेकंद बोलायचे, असा हा खेळ असल्यामुळे ही धून मला नेहमीच चपखल वाटत आली. अलीकडे मात्र असे वाचनात आले की, त्या नावातील शब्द वेळ सांगणारा ‘मिनिट’ नसून ‘चिमुकला’ या अर्थाचे ‘मायन्यूट’ हे विशेषण आहे आणि दोन्हींचे स्पेलिंग एकच असल्यामुळे घोटाळा झाला. तसे असेल, तर ही निवड चुकीच्या उच्चारावर उभी आहे असे म्हणायचे का? शिवाय एखाद्या खेळाडूने एकाच डावात ‘मिनिट’ आणि ‘मायन्यूट’ हे दोन्ही शब्द वापरले, तर ती पुनरुक्ती धरावी का?

धातुपाठी:
‘मायन्यूट’चा पक्ष मोहक आहे, कारण ही रचना साठ सेकंदांत सहसा संपत नाही, नेहमीच्या लयीत ती दीड-दोन मिनिटे चालते. तरीही मला तो सिद्ध झालेला वाटत नाही. १८४७ साली ही रचना प्रसिद्ध झाली, पण हे टोपणनाव काही शोपँने दिलेले नाही. फ्रेंचमध्ये तिला ‘छोट्या कुत्र्याचा वॉल्ट्झ’ असेही म्हणतात आणि जर्मनमध्ये ‘मिनुटेनवाल्ट्सर’. जर्मन भाषेत ‘मिनुटे’ म्हणजे घड्याळातले मिनिटच. लहान या अर्थाचे शब्द तिथे अगदी वेगळे आहेत. म्हणजे निदान जर्मन ऐकणाऱ्यांनी तरी या नावात वेळच ऐकली.

मुळात हे दोन शब्द सख्खे आहेत, आणि मला यातच खरी गंमत वाटते. लॅटिनमध्ये ‘मिनुता’ म्हणजे लहान केलेली. मध्ययुगीन विद्वान अंशाच्या किंवा तासाच्या साठाव्या भागाला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिला लहान भाग म्हणत, आणि त्याच्याही साठाव्या भागाला ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे दुसरा लहान भाग. पहिल्या संज्ञेतून ‘मिनिट’ उरले आणि दुसरीतून ‘सेकंद’. तेव्हा वेळेचे मिनिट हेही मूळचे ‘चिमुकले’च आहे, इंग्रजीने नामात पहिल्या अक्षरावर आघात दिला, विशेषणात दुसऱ्यावर, आणि एका घरात दोन चुली झाल्या. धून बदलण्याचे काही कारण नाही.

हरकतदार:
पुनरुक्तीबद्दल माझे मत ठाम आहे: ती धरू नये. खेळ नभोवाणीवरचा आहे, त्यामुळे निर्णय स्पेलिंगवर नव्हे तर कानावर व्हायला हवा, आणि कानाला हे दोन शब्द निराळे आहेत. शब्दाचे एकवचन आणि अनेकवचनसुद्धा या खेळात वेगळे शब्द मानले जातात. उलट, केवळ ‘बीबीसी’ म्हटल्याबद्दल ‘बी’ हे अक्षर दोनदा आले अशी हरकत घेतली गेलेली आहे, आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते. याच न्यायाने ‘टू’ असा उच्चार असलेल्या तीन इंग्रजी शब्दांवर हरकत घेता यायला हवी, जरी त्यांची स्पेलिंगे तीन असली तरी. अर्थात, विषयाच्या शीर्षकातले शब्द पुन्हा वापरण्याची मुभा असते. तेव्हा विषयच ‘मिनिट’ असेल, तर हा वाद उद्भवणारच नाही.

कानसेन:
दोघांचेही मनापासून आभार. ‘पहिला लहान भाग’ हे कळल्यापासून धून पुन्हा गोड वाटू लागली आहे.

आपल्या चर्चेतून शीर्षकाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रोजच्या इंग्रजीत ‘जस्ट अ मिनिट’ म्हणजे ‘जरा थांबा’. आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या या खेळाचा पहिला नियमच थांबू नये असा आहे. या खेळातले गाजलेले खेळाडू, अभिनेते केनेथ विल्यम्स स्वर लांबवत नेत, तेव्हा त्यांचे वाक्य जवळजवळ थांबलेले असे, पण आवाज मात्र चालूच राहत असे. हरकतदारांचा कानाचा न्याय लावला, तर तो अडखळणे ठरत नाही. मग बोलता बोलता खेळाडूने विषयाशी जुळवून ‘जस्ट अ मिनिट’ असे म्हटले, तर अर्थाने त्याने थांबण्याची परवानगी मागितली, पण कानाने तो बोलतच राहिला. माझ्या मते गुण त्यालाच मिळावा.