'ॲरोमॅटिक टर्पीन' की 'सुगंधी टर्पीन'?

प्रश्न

वनस्पतींतल्या विकरांवर (एन्झाइमांवर) लिहिते आहे. मूळ संदर्भात जागोजागी 'ॲरोमॅटिक टर्पीन' असं येतं (टर्पीन म्हणजे पाच-पाच कार्बनच्या तुकड्यांपासून वनस्पती बनवतात ती संयुगं). आपल्या पाठ्यपुस्तकांत 'ॲरोमॅटिक' हा शब्द बेंझीनच्या कुळासाठी वापरतात. इथे तोच ठेवू की 'सुगंधी' म्हणू? आणि 'टर्पीन सिंथेज'ला काय म्हणाल?

उत्तर

'सुगंधी'च लिहा. रसायनशास्त्रात ॲरोमॅटिक हे वासाचं नव्हे, रचनेचं विशेषण आहे: बेंझीनसारखं वलय आणि त्यावर सर्वत्र पसरलेले इलेक्ट्रॉन. लिमोनीन या सुगंधी टर्पीनमध्ये सहा कार्बनचं वलय असतं, पण ते असं नसतं. लिनलूल आणि जिरॅनिऑल या त्याच कुळातल्या सुगंधी संयुगांत तर वलयच नाही. उलट लवंगेतलं युजेनॉल ॲरोमॅटिक आहे, पण टर्पीन नाही. ते फिनिलॲलनीन या अमिनो आम्लापासून, वेगळ्याच वाटेनं तयार होतं.

'सिंथेज' तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे 'टर्पीन घडवणारं विकर' अशी फोड करून. मात्र 'सिंथेटेज' लिहू नका. जुन्या संकेतानुसार तो शब्द एटीपीची (पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूची) ऊर्जा खर्चणाऱ्या विकरांचा आहे, आणि या विकरांना एटीपी लागत नाही.

'घडवणारं' हे क्रियापद मी मुद्दाम सुचवतो आहे. पाच-पाच कार्बनचे दोन तुकडे जोडून झालेलं जिरॅनिल डायफॉस्फेट विकराच्या पोकळीत शिरतं. मॅग्नेशिअमच्या मदतीनं डायफॉस्फेट (दोन फॉस्फेटांचा भाग) सुटतं आणि मागे धनभारित, अतिशय अस्थिर कार्बनसाखळी उरते. ती पोकळीत कशी दुमडली जाते, आणि शेवटी प्रोटॉन गमावते की पाण्याचा रेणू पकडते, यावर लिमोनीन, पायनीन की लिनलूल हे ठरतं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की एकाच विकरातून पुष्कळदा मिश्रण बाहेर पडतं. ग्रँड फर या वृक्षातलं गॅमा-ह्यूम्युलीन सिंथेज पंधरा कार्बनच्या साखळीपासून तब्बल ५२ संयुगं बनवतं! म्हणून 'अमुक विकर अमुक संयुग बनवतं' असं लिहिताना 'मुख्यतः' हा शब्द जरूर घाला.

आणखी एक मत

'सुगंधी टर्पीन' म्हणजे द्विरुक्ती, असं कुणी म्हणेल. तसं नाही. टर्पीन हे नाव टर्पेंटाइनवरून आलं असलं तरी कॅरोटिनॉइडं (गाजरातल्यासारखी रंगद्रव्यं) आणि नैसर्गिक रबरही याच विस्तारित कुळातली, आणि रबराचा प्रचंड रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचत नाही. विशेषण हवंच.

प्रश्नकर्ती

पटलं. मग थाइम या वनस्पतीतल्या सुगंधी थायमॉलचं काय? तिथे बेंझीनचं वलय आहे ना?

उत्तर

आहे. थाइममध्ये सिंथेज फक्त गॅमा-टर्पिनीनपर्यंत आणून सोडतं. पुढे सायटोक्रोम पी-४५० गटातली (ऑक्सिजन जोडणारी) विकरं आणि एक डीहायड्रोजनेज (हायड्रोजन काढणारं विकर) मिळून थायमॉल तयार करतात, आणि बेंझीनचं वलय या पुढच्या टप्प्यांत येतं. त्या परिच्छेदात 'ॲरोमॅटिक' तसाच राहू द्या.