मदत हवी आहे: थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या मांजरीला सप्लिमेंट द्यावं का?

नमस्कार. आमची सोनी १३ वर्षांची, देशी, ऑपरेशन झालेली. पावसाळ्यात सारखी खा-खा करायची, तरी अंगाला काही लागत नव्हतं. वजन ४.२ किलोवरून २.९ वर आलं. रात्रभर ओरडत घरभर फिरायची. तपासणीत टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) ११ निघालं (रिपोर्टवर वरची मर्यादा ४.७ आहे). डॉक्टरांनी कार्बिमाझोल (ते हार्मोन कमी करणारी गोळी) सुरू केलं आणि आता टी-फोर ३ च्या आसपास आहे. ओरडणं थांबलं, झोपते छान. पण वजन ३.१ च्या पुढे सरकत नाही. पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात, केस रखरखीत झालेत. बघवत नाही हो.

जो तो काहीतरी सुचवतोय. बहिणीने परदेशातून केसांसाठी पावडर पाठवली आहे, त्यात केल्प आणि बायोटिन आहे. सासूबाई म्हणतात, चिमूटभर अश्वगंधा दे, ताकद येईल. दुकानदाराने कॉड लिव्हर ऑइल पुढे केलं. बी-१२ बद्दलही ऐकलं. अजून यातलं काहीच दिलेलं नाही. आमचे डॉक्टर पुढच्या आठवड्यापर्यंत गावाला गेलेत. कोणाच्या मांजरीला हा आजार असेल तर कृपया सांगा, तुम्ही काय दिलं आणि काय टाळलं?

प्रतिसाद

ताई, आमच्या बोक्याला हाच आजार होता, म्हणून लिहितोय. केल्प नकोच. ते समुद्री शेवाळ आहे, त्यात आयोडीन भरपूर असतं आणि प्रमाण प्रत्येक डब्यात वेगळं. थायरॉइड आयोडीनपासूनच हार्मोन बनवते. गोळी ते बनणं अडवते, आणि आयोडीन असं वरखाली होत राहिलं तर डोस बसवणं अवघड जातं. बायोटिनचा त्रास वेगळाच. काही लॅबच्या चाचणी पद्धतीत त्यामुळे टी-फोर खोटं जास्त दिसू शकतं, मग विनाकारण गोळी वाढवली जाते.

अश्वगंधाही नको. माणसांमध्ये त्याने थायरॉइडचं हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि इथे आपल्याला ते कमीच ठेवायचंय. कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ आणि ड जीवनसत्त्व असतं, ते शरीरात साठत जातं. साधं फिश ऑइल केसांसाठी चालतं, पण जास्त झालं की जुलाब होतात. थायरॉइड मात्र त्याने बरी होत नाही.

बी-१२ चं खरंच विचारा. या आजारात बऱ्याच मांजरांचं बी-१२ कमी सापडतं. रक्तात मोजता येतं, कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात.

पण टी-फोर आवाक्यात येऊनही वजन अडकलंय, तर मला पावडरीपेक्षा मूत्रपिंडाची काळजी वाटते. थायरॉइड वाढलेली असते तेव्हा मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे तिथला आजार झाकला जातो. गोळीने थायरॉइड ताळ्यावर आली की तो उघडा पडतो. आमच्याकडे अगदी असंच झालं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी), लघवीची घनता आणि रक्तदाब, तिन्ही बघून घ्या. आतड्याचा आजारही असू शकतो. आणि उलट्या, खाणं सोडणं किंवा तोंड-मान खाजवून जखमा करणं दिसलं तर डॉक्टरांची वाट पाहू नका, दुसऱ्यांकडे न्या. या गोळीचे ते दुष्परिणाम असू शकतात.

धागाकर्ती

मनापासून आभार दादा. पावडर बाजूला ठेवली, सासूबाईंनाही समजावते. पाणी खूप पिते ती, ते आजाराचंच समजत होते. उद्याच दुसऱ्या दवाखान्यात नेते. एकच राहिलं: गोळी ती फक्त उकडलेल्या बांगड्याच्या तुकड्यात खाते. चालेल का?

प्रतिसाद

चालेल, फक्त तुकडा रोज तेवढाच असू द्या, मीठ-मसाला न घालता. कमी आयोडीनचं खास खाणं सुरू करायचं ठरलं तर मात्र बांगडा पूर्ण बंद, कारण त्यासोबत दुसरं काहीच चालत नाही. पाण्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. रिपोर्ट आले की इथे टाका.